दगडी कचेरी आणि चार खिसे : पुण्यातल्या एका सरकारी वारसा इमारतीच्या निधीचे प्रकरण

या प्रकरणातली इमारत पुण्यात आहे, वापरात आहे आणि तिथे रोज माणसे कामासाठी खेटे घालतात. म्हणून इमारतीचे, खात्याचे, कंपनीचे किंवा कोणाही व्यक्तीचे नाव दिलेले नाही. रुपयांतले आकडेही नाहीत. जतनाच्या अंतिम अंदाजपत्रकाची एकूण रक्कम 100 धरली आहे. पुढे खर्चाचा नुसता आकडा आला की तो या मापातला समजावा. मी या कामात संवर्धन सल्लागाराच्या बाजूने होतो, तेव्हा माझा कल कुणीकडे असणार हे उघड आहे.

पार्श्वभूमी

इमारत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांतली, म्हणजे फुले मंडईच्या (1886) पिढीची. काळ्या दगडाच्या जाड भिंती, जोडणी चुन्याची, वर छपराचा भार पेलणाऱ्या सागाच्या कैच्या (त्रिकोणी चौकटी), त्यावर मंगलोरी कौले, तळमजल्याला तिन्ही बाजूंनी व्हरांडा. नक्षीकाम बेताचे. पर्यटक मुद्दाम पाहायला येतील अशी ही वास्तू नाही, पण पुण्यातल्या जुन्या लोकांना ती नेमकी ठाऊक आहे, कारण कधी ना कधी दाखल्यासाठी तिथल्या रांगेत प्रत्येक जण उभा राहिलेला असतो.

जागा आणि इमारत राज्य शासनाची. वापर एका कार्यालयाचा. देखभाल सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. शहराच्या वारसा यादीत नाव, श्रेणी दोन. मात्र प्राचीन स्मारकांच्या 1958 च्या केंद्रीय कायद्याखाली ती संरक्षित नाही आणि 1960 च्या राज्य कायद्याखालीही नाही.

शेवटचे हे वाक्य सगळ्या प्रकरणाच्या मुळाशी आहे. शनिवारवाड्याला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण आहे. विश्रामबागवाडा महापालिकेच्या ताब्यात आहे, त्यामुळे महापालिका आपल्या अंदाजपत्रकातून त्याच्यावर खर्च करू शकते. राज्य संरक्षित स्मारक असेल तर पुरातत्त्व संचालनालयाचा निधी मागता येतो, ‘महाराष्ट्र वैभव’ योजनेतून कुणी दाता संगोपनासाठी पुढे येऊ शकतो. आमची इमारत यांपैकी कशातच बसत नव्हती. वारसा यादीमुळे ती पाडायला मनाई होती, पण सांभाळायला त्या यादीमागे एक रुपयाही नव्हता. पुण्यात अशा सरकारी इमारती बऱ्याच आहेत आणि बहुतेकींची हीच स्थिती आहे.

अडचण नेमकी काय होती

तक्रार सुरू झाली गळतीपासून. दोन छपरे जिथे मिळतात तिथल्या पन्हळीचा, ज्याला साइटवर सगळे व्हॅली गटर म्हणतात, पत्रा कधीतरी बदलला होता आणि बदलताना त्याचा उतार चुकला होता. पावसाळ्यात पाणी तिथे तुंबायचे आणि भिंतीत उतरायचे. त्यावर दर दोन-तीन वर्षांनी डांबरी पट्टी मारली जायची. भिंतीला ओल दिसली की बाहेरून दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, सिमेंटने भरल्या जायच्या. दगडाच्या भिंतीत शिरलेले पाणी चुन्याच्या दरजांतून हळूहळू बाहेर पडते. दरजा सिमेंटने बंद केल्या की ते आतल्या बाजूने वाट काढते. त्यामुळे आतला गिलावा फुगत होता आणि पुढच्या वर्षीच्या दुरुस्तीच्या यादीत पुन्हा ‘गिलावा व रंगकाम’ येत होते. वर्षानुवर्षे पैसा खर्च होत होता, आणि त्यातला बराचसा इमारतीचे नुकसान करण्यावर.

दुसरी अडचण पहिल्या मजल्यावर होती. तिथला मोठा दालनवजा कक्ष रेकॉर्ड रूम झाला होता. लाल फडक्यात बांधलेले बस्ते लोखंडी रॅकवर छतापर्यंत. खाली सागाच्या तुळयांवर फळ्यांची जमीन. कागदाचे वजन किती असते याचा अंदाज सहसा कुणाला नसतो. खालच्या दालनात उभे राहून वर पाहिले की मधल्या दोन तुळया खाली वाकलेल्या साध्या डोळ्यांना दिसत.

वापरकर्त्या खात्याने रीतसर स्ट्रक्चरल ऑडिट मागवले. अहवालात रिबाउंड हॅमरचे आकडे होते. ही चाचणी काँक्रीटसाठी आहे. दगड-चुन्याच्या भिंतीवर ती मारून आकडा जरूर येतो, त्यातून निष्कर्ष मात्र काढता येत नाही. तरीही निष्कर्ष निघाला : इमारत धोकादायक, वापर थांबवावा. त्या एका कागदावर पाडकामाची नस्ती (फाइल) उघडली गेली आणि सोबत बहुमजली प्रशासकीय इमारतीचा प्रस्ताव जोडला गेला.

यात कुणाचा दुष्ट हेतू होता असे मला वाटत नाही. कार्यालयात बसणाऱ्यांना पार्किंग हवे होते, लिफ्ट हवी होती, पावसाळ्यात टेबल हलवावे लागू नये एवढी अपेक्षा होती. ती रास्तच आहे.

पहिला निर्णय : पाडायचे की राखायचे

पाडण्याच्या बाजूचा हिशेब कच्चा नव्हता. नव्या इमारतीचा खर्च आमच्या मापात साडेतीनशेच्या घरात जात होता, पण क्षेत्रफळ चौपट मिळणार होते. म्हणजे दर चौरस फुटाला नवी इमारत स्वस्त. जतनाची बाजू मांडणारे इथे भावनेवर जातात आणि हरतात. आम्ही खर्चाच्या त्या मुद्द्यावर वाद घातलाच नाही. दोन गोष्टी पुढे ठेवल्या. एक, श्रेणी दोनच्या इमारतीला पाडकामाची परवानगी वारसा समितीकडून मिळणे जवळपास अशक्य, तेव्हा नव्या इमारतीचा प्रस्ताव कागदावरच राहील आणि मधल्या काळात दुरुस्तीही बंद पडेल. दोन, नवी इमारत होईपर्यंत कार्यालय भाड्याच्या जागेत हलवावे लागेल. ते भाडे त्या साडेतीनशेत धरलेले नव्हते.

सोबत दुसऱ्यांदा तपासणी करण्याची मागणी केली. यावेळी पद्धत वेगळी होती. कैचीची टोके जिथे भिंतीत घुसतात तिथला गिलावा फोडून लाकूड उघडे केले आणि गिरमिटाने भोके पाडून आतला भुसा पाहिला. पन्हळीखालच्या कैचीचे टोक चहात बुडवलेल्या खारीसारखे झाले होते, बोटाने तुटत होते. पण तिथून दोन हात आत तोच साग कोरडा आणि टणक होता. गिरमीट फिरवणाऱ्याला घाम फुटला. बाकीच्या बहुतेक कैच्या ठणठणीत होत्या. थोडक्यात, इमारत धोकादायक नव्हती, तिचे काही ठराविक कोपरे धोकादायक होते.

हा अहवाल आल्यावर कार्यकारी अभियंत्यांनी नस्तीवर दोन ओळींचा शेरा लिहिला : पाडकामाचा प्रस्ताव स्थगित, जतनाचे अंदाजपत्रक सादर करावे. सगळ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा कागद तोच. पुढचा प्रश्न पैशाचा.

पर्याय

वार्षिक देखभाल-दुरुस्तीचा निधी (लेखाशीर्ष 2059, म्हणजे सरकारी अंदाजपत्रकातला खर्चाचा ठराविक कप्पा) दरवर्षी येतोच, पण तो ढोबळमानाने क्षेत्रफळाच्या हिशेबाने येतो आणि विभागाच्या अखत्यारीतल्या सगळ्या कचेऱ्या, निवासस्थाने, विश्रामगृहे यांच्यात वाटला जातो. आमच्या वाट्याला वर्षाला 2 सुद्धा येत नव्हते. या गतीने काम पूर्ण व्हायला पन्नासहून जास्त वर्षे लागली असती.

भांडवली लेखाशीर्ष 4059 मध्ये रक्कम मोठी, पण त्याची मांडणी नव्या मालमत्तेसाठी. जुन्या इमारतीचे जतन म्हणजे दुरुस्ती की भांडवली काम, यावर लेखाशाखेत बरीच टिपणे लिहिली गेली. शेवटी विशेष दुरुस्ती म्हणून प्रस्ताव गेला आणि मंजुरीही मिळाली, पण मागितलेल्या रकमेच्या निम्म्याहून कमी.

जिल्हा नियोजन समितीकडे गेलो तर जिल्हा वार्षिक योजनेत गड-किल्ले, मंदिरे आणि संरक्षित स्मारकांसाठी तरतूद असते हे कळले. आमची इमारत पुन्हा ‘संरक्षित’ या शब्दावर अडकली. मात्र शासकीय कार्यालयातल्या सोयी म्हणून वीज आणि अग्निसुरक्षेची कामे तिथून होऊ शकत होती.

टीडीआरची (हस्तांतरणीय विकास हक्कांची) कल्पना एका बैठकीत आली आणि त्याच बैठकीत मागे पडली. वारसा इमारतीच्या मालकाला वापरता न येणारे विकास हक्क दुसरीकडे विकता यावेत ही सोय खासगी वाडामालकासाठी ठीक आहे. शासनाने टीडीआर घेऊन बाजारात विकायचा तर तो कुणी विकायचा, कोणत्या दराने, आणि मिळालेला पैसा कुठे जमा करायचा, या तीन प्रश्नांना उत्तर द्यायला कुणी तयार नव्हते.

पैसा कुठे जमा होतो हा प्रश्न आणखी एका पर्यायाला भोवला. व्हरांडा आणि मागचे आवार चित्रीकरणासाठी भाड्याने द्यावे, सुट्टीच्या दिवशी छोटे प्रदर्शन, एखादे उपाहारगृह, आणि येणाऱ्या भाड्यातून इमारत सांभाळावी. ऐकायला सोपे. पण शासनाचा महसूल राज्यघटनेच्या अनुच्छेद 266 प्रमाणे राज्याच्या एकत्रित निधीत जातो. तिथून तो बाहेर यायचा तर विधिमंडळाच्या मंजुरीने, अंदाजपत्रकाच्या वाटेने. म्हणजे व्हरांड्याने मिळवलेले भाडे कोषागारात जाणार आणि व्हरांड्याची पन्हळ दुरुस्त करायला पुन्हा नवा प्रस्ताव करावा लागणार. सरकारी इमारतीला स्वतःच्या कमाईवर जगता येत नाही. ही अडचण वारसा परिसंवादांत फारशी बोलली जात नाही, तिथे स्लाइडवर नेहमी एखादा खासगी राजवाडा असतो.

राष्ट्रीय संस्कृती निधीचाही विचार झाला. 1996 मध्ये स्थापन झालेल्या या निधीत दाता आपली देणगी ठराविक वास्तूसाठी राखून ठेवू शकतो. पण त्यासाठी केंद्र, राज्य आणि दाता यांच्यात करार हवा होता, आणि आमच्यासमोर जी कंपनी आली होती तिला त्याच आर्थिक वर्षात सुरुवात करायची होती.

ती कंपनी म्हणजे शेवटचा पर्याय, सीएसआर (कंपन्यांनी समाजोपयोगी कामांवर करायचा खर्च). कंपनी कायदा 2013 च्या अनुसूची सातमध्ये ऐतिहासिक महत्त्वाच्या इमारतींचे जतन स्पष्टपणे आहे. कंपनीच्या अधिकारी मॅडमनी पहिल्याच भेटीत विचारले, “ऐतिहासिक महत्त्वाची हे ठरवलं कुणी? आमचे ऑडिटर विचारतील.” इतकी वर्षे निरुपयोगी वाटलेली वारसा यादी इथे कामाला आली. यादीतला अनुक्रमांक आणि श्रेणी असलेला दाखला जोडला आणि प्रश्न मिटला. शिवाय 2021 च्या सुधारित नियमांनुसार सीएसआरमधून तयार झालेली भांडवली मालमत्ता सार्वजनिक प्राधिकरणाच्या नावे असू शकते, त्यामुळे मालकी शासनाचीच राहणार याला कंपनीची हरकत नव्हती.

दुसरा निर्णय : कोणते काम कोणत्या पैशातून

सुरुवातीला सगळ्यांच्या डोक्यात एकच पद्धत होती : मिळेल तो पैसा एकत्र करायचा, एक निविदा काढायची, वरून खाली काम करत यायचे. लेखाशाखेने हे चालणार नाही असे सांगितले. एका कामावर दोन लेखाशीर्षांतून खर्च पडला की लेखापरीक्षणात दुबार खर्चाचा आक्षेप ठरलेला.

त्यामुळे कामे वाटणे भाग पडले. कंपनीला साहजिकच दर्शनी भाग हवा होता, फोटोत दिसणारा. आमच्यातल्या काहींचे म्हणणे होते की कंपनीचा पैसा छपराला लावावा, कारण छप्पर सर्वांत तातडीचे आणि कंपनीचा पैसा सर्वांत लवकर येणारा. मला आजही वाटते की इथे घाई केली असती तर प्रकल्प फसला असता.

झाले असे की चर्चा तातडीवरून सरकून पैशाच्या स्वभावाकडे आली. शासनाचा पैसा 31 मार्चला संपतो. ऑक्टोबरात निविदा, जानेवारीत कार्यारंभ आदेश, आणि मार्चअखेर बिल कोषागारात. हातात दहा-अकरा आठवडे. एवढ्या वेळात कौले उतरवून चढवता येतात, वासे-रिपा बदलता येतात, कैचीच्या टोकांना नवा साग जोडता येतो, पन्हळी बसवता येतात. ही सगळी मोजता येणारी कामे, बरीचशी दरसूचीत, म्हणजे शासनाने ठरवलेल्या दरांच्या यादीत, असलेली. चुन्याचे तसे नाही. चुनकळी भिजवायची, आठवडेच्या आठवडे मुरवायची, दरजा खरवडून भरायच्या, त्यावर ओले गोणपाट टाकून सांभाळायच्या. ऊन्ह कडक झाले की काम थांबवायचे, पाऊस आला की झाकायचे. चुन्याला मार्चएंड कळत नाही.

सीएसआरमध्ये मात्र ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजूर झालेल्या कामाची शिल्लक रक्कम वर्षअखेरीनंतर तीस दिवसांच्या आत वेगळ्या खात्यात वर्ग करून पुढची तीन आर्थिक वर्षे खर्च करता येते. शिवाय कंपनी स्वतः काम करून घेणार असल्यामुळे तिला सर्वांत कमी दराचाच ठेकेदार घ्यायचे बंधन नव्हते. चुन्यात हात असलेले गवंडी निवडता येणार होते.

मग वाटणी अशी ठरली. छप्पर, लाकूडकाम आणि पावसाच्या पाण्याचा निचरा शासनाच्या विशेष दुरुस्तीतून, 46. बाहेरच्या भिंतींवरचे सिमेंट काढून चुन्याच्या दरजा, व्हरांडा आणि खिडक्या सीएसआरमधून, 31. वायरिंग आणि अग्निसुरक्षा जिल्हा योजनेतून, 14. रेकॉर्ड हलवणे वापरकर्त्या खात्याच्या कार्यालयीन खर्चातून, 5. उरलेल्या 4 ला धनी नव्हता. ते आकस्मिक खर्च म्हणून शासनाच्या भागात दाखवले.

शाखा अभियंत्यांनी यावर एक साधा उपाय केला, जो पुढे फार उपयोगी पडला. इमारतीच्या एकाच नकाशावर प्रत्येक निधीचा रंग वेगळा : लाल शासनाचा, निळा कंपनीचा, हिरवा जिल्हा योजनेचा. भिंतीच्या माथ्यावर, जिथे छप्पर संपून भिंत सुरू होते, तिथे लाल आणि निळा यांच्यात जाड काळी रेघ. त्या रेघेच्या वरचा दगड लाल मोजमाप पुस्तिकेत, खालचा निळ्या. पुढे लेखापरीक्षकांनी हाच नकाशा मागून घेतला आणि आक्षेप न लिहिता परत केला.

काम कसे झाले

पहिला अडथळा दराचा. राज्य दरसूचीत आम्हाला हव्या त्या पद्धतीच्या चुन्याच्या कामाला आणि जुन्या सागाला टोकाकडून नवे लाकूड जोडण्याला दर नव्हता. “दर नाही तर बाब नाही,” असे लेखापाल म्हणाले, आणि नियमाप्रमाणे ते बरोबर होते. तीन दरपत्रके आणि दर विश्लेषण करून नवीन बाब मंजूर करून घेण्यात हिवाळ्याचा मोठा भाग गेला.

दुसरा अडथळा कराचा. मूळ अंदाजपत्रकात सरकारी कामाच्या कंत्राटावर 12 टक्के जीएसटी धरला होता. 18 जुलै 2022 पासून तो 18 टक्के झाला. त्या एका बदलाने एकूण रक्कम पाच टक्क्यांहून जास्त वाढली आणि सुधारित प्रशासकीय मान्यतेसाठी नस्ती पुन्हा वर गेली. वर दिलेले 100 हे या वाढीनंतरचे आहेत.

निविदेत दर बराच खाली आला. जादा सुरक्षा ठेव घेऊन काम द्यावेच लागले असते, पण निविदेत एक अट आधीच घातली होती : काम सुरू करण्यापूर्वी एका कैचीचे टोक नमुना म्हणून दुरुस्त करून दाखवायचे, ते मंजूर झाल्यावरच पुढे. ठेकेदाराने पहिला नमुना लोखंडी पट्ट्या आणि बोल्ट मारून आणला. तो नाकारला. दुसऱ्या वेळी त्याने भोरकडचा एक म्हातारा सुतार आणला, ज्याला सगळे मामा म्हणत. मामांनी तिरकी जोड कापून बसवली, वरून हातोडीचे दोन हलके ठोके दिले आणि म्हणाले, “आता हिला बोल्ट नको, पण तुमच्या कागदात लिहिलाय तर मारतो.” मारला.

सागाचा प्रश्न वेगळाच निघाला. पेठांमधले वाडे पाडले जातात तेव्हा त्यांचा जुना, मुरलेला साग बाजारात विकायला येतो, आणि आमच्या कामाला तोच सर्वांत योग्य होता. पण विकणाऱ्यांपैकी बहुतेकांकडे जीएसटीचे बिल नव्हते. बिलाशिवाय सरकारी कामात लाकूड घेता येत नाही. शेवटी नवा साग चंद्रपूर-गडचिरोलीकडून आणावा लागला. चांगला होता, महाग होता, आणि पुण्यातल्या वाड्यांचा साग त्याच काळात फर्निचरवाल्यांकडे जात राहिला.

मग आचारसंहिता लागली. कार्यारंभ आदेश लांबला तो थेट उन्हाळ्यात गेला. इथे तिसरा मोठा निर्णय घ्यावा लागला : मे महिन्यात छप्पर उघडायचे का? पुण्यात जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत पाऊस धरतोच. नाही उघडले तर आणखी एक पावसाळा कुजलेल्या कैच्यांवर. उघडले आणि पाऊस आधी आला तर छपराखालच्या पहिल्या मजल्यावरचे सगळे रेकॉर्ड भिजणार. उपअभियंत्यांचे म्हणणे, आधी वरून पत्र्याचे तात्पुरते छत उभारा आणि त्याखाली काम करा. तांत्रिकदृष्ट्या तोच योग्य मार्ग होता, पण तात्पुरते छत अंदाजपत्रकात नव्हते. धनी नसलेले 4 इथे संपले, आणि पुरलेही नाहीत. शेवटी अर्ध्याच भागावर छत घातले, तेवढाच भाग उघडला आणि दुसरा अर्धा पुढच्या हंगामावर ढकलला. खर्च वाढला, पण एकही बस्ता भिजला नाही.

रेकॉर्ड हलवण्याचे काम कागदावर सर्वांत छोटे आणि प्रत्यक्षात सर्वांत किचकट ठरले. कोणते बस्ते कायमस्वरूपी, कोणते मुदत संपलेले, हे ठरवल्याशिवाय हलवायचे नाही असे खात्याचे म्हणणे, आणि ठरवणारा कर्मचारी एकच, तोही निवृत्तीला टेकलेला. त्यामुळे वाकलेल्या तुळयांखाली लोखंडी टेकू देऊन वरचे वजन तसेच ठेवून काम करावे लागले.

कंपनीचे काम त्यामानाने शांतपणे चालले. वाद झाला तो पाटीवरून. कंपनीला पोर्चवर पितळी पाटी हवी होती. दर्शनी भागावर नवे काही लावायचे तर वारसा समितीची परवानगी लागते, हे सांगितल्यावर व्हरांड्याच्या आतल्या भिंतीवर छोटी दगडी पाटी, शासन आणि कंपनी दोघांची नावे सारख्याच आकारात, यावर समझोता झाला. या वाटाघाटीत एक अख्खा चुन्याचा हंगाम गेला असता. तो वाचला तो केवळ मॅडमनी पाटीचा विषय करारातून काढून वेगळ्या पत्रात घेतल्यामुळे.

निष्पत्ती

छप्पर दोन हंगामांत पूर्ण झाले. त्यानंतरच्या पावसाळ्यात पन्हळीखालची भिंत कोरडी राहिली. भिंतींवरचे सिमेंट तीन बाजूंनी निघाले, चौथ्या बाजूला एसीचे बाहेरचे युनिट टांगलेले असल्याने तिथले काम अडून आहे. वायरिंग झाले. मंत्रालयाला 2012 मध्ये लागलेल्या आगीनंतर सरकारी कचेऱ्यांतल्या वायरिंगचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही, त्यामुळे हे काम सर्वांत कमी वादात पार पडले. रेकॉर्ड रूम अर्धी रिकामी आहे. टेकू अजून तिथेच आहेत.

कार्यालय तिथेच राहिले, हे मी सर्वांत मोठे यश मानतो. वापर सुटलेल्या सरकारी इमारती लवकर ढासळतात, कारण गळती दिसायला तिथे कुणी नसते.

अपयश एकच, पण मोठे : देखभालीचा निधी. कंपनीने एक ठेव द्यावी आणि तिच्या व्याजातून दरवर्षी पन्हळी, कौले आणि दरजा पाहिल्या जाव्यात अशी आमची योजना होती. पण 2021 च्या बदलांनंतर कायम ठेवीसाठी दिलेली देणगी सीएसआर खर्च म्हणून धरली जात नाही. कंपनी हवे तर पुढच्या वर्षांतही थेट काम करून देऊ शकते, पण तसे बंधन तिच्यावर नाही. म्हणजे इमारत पुन्हा 2059 च्या वार्षिक वाट्यावर आली, ज्याच्यावर आधी होती.

वेगळे काय करता आले असते

अंदाजपत्रकाआधीची तपासणी ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट. कैचीची टोके उघडून पाहायला एकूण खर्चाच्या मानाने किरकोळ पैसे लागले, पण ते द्यायला एकही लेखाशीर्ष नव्हते. सल्लागाराचे शुल्क मंजूर अंदाजपत्रकाच्या टक्क्यांत मिळते. अंदाजपत्रकच नसेल तर शुल्क कशाचे? म्हणून पहिली तपासणी वरवरची झाली आणि त्यातून पाडकामाची नस्ती उघडली. असे काम हाती घेणाऱ्या खात्याने वार्षिक देखभालीच्या निधीतूनच ‘तपासणीसाठी गिलावा फोडणे व पूर्ववत करणे’ अशी छोटी बाब आधी काढावी. ती शाखा अभियंत्याच्या पातळीवर होऊ शकते.

तात्पुरते छत अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून हवे. पुण्यात आचारसंहिता, मान्यता आणि मार्चएंड यांतून वाट काढत आलेले कोणतेही सरकारी छपराचे काम पावसाला जाऊन भिडते, हे गृहीतच धरावे.

रेकॉर्ड आधी हलवायला हवे होते. निधीच्या क्रमात ते शेवटी आले, कारण रक्कम छोटी होती आणि खाते वेगळे होते. कामाच्या क्रमात मात्र ते पहिले होते.

सीएसआरच्या करारात निदान पहिल्या तीन वर्षांची देखभाल ‘चालू प्रकल्पा’चाच भाग म्हणून लिहून घेता आली असती. आम्ही ठेवीच्या मागे लागलो आणि ती नियमात बसत नाही हे कळेपर्यंत कराराचा मसुदा पुढे गेला होता. आता वारसा यादीतल्या सरकारी इमारतींसाठी वार्षिक देखभालीचा दर इतर इमारतींपेक्षा वेगळा असावा आणि दरवर्षी 15 मेच्या आत पन्हळी साफ करण्याचे वेगळे छोटे कंत्राट असावे, असा प्रस्ताव विभागाने तयार केला आहे. त्याला जोडलेल्या परिशिष्टात रंगीत नकाशा आणि नव्याने मंजूर झालेले चुन्याचे दर आहेत. प्रस्ताव अधीक्षक अभियंत्यांच्या कार्यालयात गेला, एक त्रुटी काढून परत आला आणि पूर्तता करून पुन्हा पाठवला आहे. त्रुटी अशी होती की अशा इमारतींची यादी सोबत जोडलेली नव्हती.